अर्धी तारीख

१

सोलापूर जिल्ह्यातली निम्मी म्हातारी माणसं एक जूनला जन्मली आहेत. खोटं वाटत असेल तर कुठल्याही जुन्या शाळेचं रजिस्टर उघडून बघावं. पोरगं दाखल करायला आलेल्या बापाला जन्मतारीख विचारली की तो म्हणे, "जोंधळं काढत हुतो बगा तवा." मास्तर वर्षाचा अंदाज बांधत आणि एक जून लावून मोकळे होत. शाळा जूनमध्ये भरते, पोर सहा वर्षांचं हवं, प्रश्न मिटला. अशी ही एक जूनची पिढी नोकरीला लागली आणि एकतीस मेला घाऊक निवृत्त झाली.

वैजयंती शिंदेचं पोट असल्याच तारखांवर चालत होतं. साखर पेठेतल्या एका छोट्या संस्थेत ती प्रोग्रामर होती. जुन्या शाळांची रजिस्टरं, बंद पडलेल्या गिरण्यांची हजेरीपुस्तकं, गावोगावच्या जन्ममृत्यूच्या वह्या, हे सगळं संगणकावर चढवायचं आणि एकाच माणसाच्या ठिकठिकाणच्या नोंदी एकमेकींना जोडायच्या, हे तिचं काम. शाळेतला बिरुदेव आणि गिरणीतला बिरुदेव एकच का दोन, हे ठरवायला तारखेसारखा साक्षीदार नाही. पण तारीख अर्धीच असली की हा साक्षीदार फितूर होतो.

म्हणून तिनं तारखांचे तीन प्रकार पाडले होते. नुसतं वर्ष माहीत असेल तर एक, वर्ष आणि महिना माहीत असेल तर दुसरा, दिवसासकट सगळं माहीत असेल तर तिसरा. तिच्या आधीच्या माणसाला एवढा धीर नव्हता. नुसतं वर्ष दिसलं की तो पुढं एक जानेवारी ठोकून द्यायचा. परिणामी एका गिरणीतले चारशे अकरा कामगार, साल कुठलंही असो, एक जानेवारीलाच वारले होते. ते निस्तरण्यात वैजयंतीचे तीन महिने गेले. तेव्हापासून तिचा नियम एकच: जेवढं माहीत तेवढंच लिहायचं.

प्रोग्राम ताळ्यावर आहे ना, हे रोज सकाळी तपासायला एक नोंद लागते, जिची उत्तरं आपल्याला तोंडपाठ आहेत अशी. तिनं वडिलांची घेतली होती. सयाजी हिंदुराव शिंदे, मुक्काम मंगळवेढा. जन्म १९५४, नुसतं वर्ष, कारण शाळेतली एक जून तिला मान्य नव्हती. मृत्यू: रिकामं.

२

रिकामं, कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. तिचे वडील, आप्पा, एसटीत वाहतूक नियंत्रक होते. मंगळवेढ्याच्या स्टँडवरच्या खिडकीत बसून कुठली गाडी किती वाजता आली, हे लिहिण्यात त्यांचा जन्म गेला. गाडी फाट्यावर दिसली तरी पेन उचलायचे नाहीत. चाकं थांबली की मगच वेळ लिहायची. अशा माणसानं २०१२ च्या ऑक्टोबरात, निवृत्त होऊन पाच महिने होत नाहीत तोच, "चष्म्याची काडी बसवून आणतो" म्हणून सोलापूरची गाडी धरली आणि तो परत आलाच नाही. धाकट्या भावानं, इंद्रजीतनं, पोलीस ठाण्यापासून अन्नछत्रांपर्यंत सगळं पालथं घातलं. बघता बघता एक तप उलटलं. वैजयंतीनं आईला सोलापुरात विजापूर रोडवरच्या आपल्या दोन खोल्यांत आणलं. आईनं येताना भांडीकुंडी निम्मी टाकली, पण आप्पांची लोखंडी कॉट तेवढी टेम्पोत घालून आणली.

आता इंद्रजीत म्हणत होता, कोर्टात जाऊ. सात वर्षं ज्याचा ठावठिकाणा नाही त्याला कायदा मेलेला मानतो. भावकीतली माणसं म्हणत, ज्याची तिथी माहीत नाही त्याचं सर्वपित्री अमावास्येला करायचं असतं, पान वाढा आणि मोकळ्या व्हा. आई, म्हणजे गोजरबाई, दोघांनाही एकच उत्तर द्यायच्या.

"अमावास्येला जेवाय घालायचं तर माणूस आदी मेल्यालं पायजे की. मला दिवस सांगा. अमक्या दिवशी गेलं, एवढं सांगा, मी कपाळ पुसती. अर्धवट सांगण्यावर न्हाई पुसायची."

वैजयंतीला राग यायचा, आणि लगेच वाईटही वाटायचं. हळदीकुंकवाला बोलावताना बायका आईच्या दारापाशी घुटमळायच्या आणि पुढं जायच्या. पांढऱ्या कपाळाच्या बायकाही तिला आपल्यात धरत नव्हत्या. बारा वर्षं बाई उंबऱ्यावर उभी होती, आणि तिला तिथून हलवणारं एकच उत्तर होतं, ते कुणापाशीही नव्हतं.

३

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातला सोमवार. वैजयंतीनं चहाचा कप टेबलावर ठेवला, तपासणी चालवली आणि नेहमीसारखी नजर टाकली.

मृत्यू: २०२५. प्रकार: नुसतं वर्ष.

तिला हसू आलं. प्रोग्रामनं कुठून तरी चालू साल उचललं असणार. रिकामी जागा दिसली की फाइलीचं साल तिथं चिकटवण्याची खोड संगणकाला असतेच. तिनं ते पुसलं, तासभर चूक शोधली, सापडली नाही. मंगळवारी ते पुन्हा होतं. कुणी काय बदललं याची नोंद यंत्रणा आपोआप ठेवते. त्या नोंदीत नाव नव्हतं.

संस्थेचे व्यवस्थापक अनिलकुमार बिराजदार शेजारच्या टेबलावर बसत. भला माणूस, पण संगणकाची आणि त्यांची मैत्री बेताची.

"मॅडम, मी त्या नोंदीला हातपण लावला नाही की," ते म्हणाले. "ऊन किती वाढलंय बघा. मशीनलापण उन्हाळा बाधतो."

संध्याकाळी घरी गेली तर आई कधी नव्हे ती गुणगुणत शेंगा फोडत बसली होती.

"आज दुपारी मागल्या खोलीत लई बरं वाटत हुतं बग," गोजरबाई म्हणाल्या. "कुणीतरी घरात असल्यावानी. का आन कसं ते न्हाई सांगता येनार."

वैजयंतीनं उन्हावर ढकललं. दिवसभर उन्हावरच ढकलायची सवय झाली होती.

४

पुढच्या आठवड्यात वर्षापुढं महिना आला. २०२५, एप्रिल. आणि शेजारी प्रकार बदललेला: वर्ष आणि महिना.

या वेळी मात्र ती खुर्चीत मागं सरकून बसली. चूक कधी इतकी काटेकोर नसते. चुकीनं महिना घुसला असता तर प्रकार जुनाच राहिला असता आणि प्रोग्रामनं बोंब ठोकली असती. नाहीतर सोबत एखादी पहिली तारीख ओढून आणली असती. इथं ज्यानं कुणी लिहिलं होतं, त्यानं माहीत होतं तेवढंच लिहिलं होतं. पुढचं ठाऊक नव्हतं म्हणून जागा सोडली होती.

मृत्यूच्या प्रत्येक नोंदीला एक रकाना असतो, खबर देणाऱ्याचं नाव. मुलगा, पुतण्या, कोतवाल, असं काहीबाही लिहिलेलं असतं. वैजयंतीनं तो रकाना आजवर उघडला नव्हता. उघडला.

स्वतः.

तिनं संगणक बंद केला, खाली जाऊन उसाचा रस प्याली, आणि भर उन्हात रस्त्यावर उभं राहून स्वतःची उलटतपासणी घेतली. कुणीतरी थट्टा करतंय. पण संस्थेत माणसं चार, आणि आप्पांचं प्रकरण त्यातल्या एकालाही ठाऊक नाही. मग मीच केलं असेल आणि विसरले असेन. माणूस बारा वर्षं एकच गोष्ट डोक्यात घेऊन फिरला की हात आपोआप काहीतरी लिहीत असेल. हे कारण तिला पटलं नाही, पण त्यातल्या त्यात बरं होतं.

रविवारी दुपारी दोनच्या सुमारास ती पुढच्या खोलीत आडवी पडली होती. कूलर बंद होता, वीज गेली होती. मागच्या खोलीत आप्पांची कॉट करकरली. एकदा, आणि थोड्या वेळानं परत. कूस बदलल्यावर करकरते तशी. लोखंड उन्हानं फुगतं, तिनं मनाशी म्हटलं. गोजरबाई उठल्या, माठातलं पाणी तांब्यात घेतलं, मागच्या खोलीत ठेवून आल्या आणि परत भिंतीला टेकून बसल्या.

"आई, कुणासाठी?"

"तहान लागती ग माणसाला."

वैजयंतीच्या अंगावर काटा आला. आणि त्या काट्याखालूनच एक वेडा विचार वर आला. एप्रिल अजून उजाडायचा होता. म्हणजे आज आप्पा जिवंत आहेत. कुठंतरी आहेत. तिनं तिथल्या तिथं इंद्रजीतला फोन लावला आणि पुन्हा एकदा शोध म्हणाली. कशावरून म्हणतेस, असं त्यानं विचारलं. तू शोध तर, तिनं परत सांगितलं. गुणी पोर, सुट्टी काढून चार गावं फिरून आलं आणि हात हलवत परतलं.

५

घोळ केला तो अनिलकुमारांनी, आणि तोही चांगल्या मनानं. सगळ्या नोंदी पुण्याच्या एका संस्थेला पाठवायच्या होत्या. तिथला संगणक अर्धी तारीख घ्यायला तयार नव्हता. वैजयंतीनं आठ दिवस त्यांच्याशी वाद घातला होता. मॅडमच्या डोळ्यांखाली काळं आलंय, जरा हातभार लावू, म्हणून हे गृहस्थ पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ईदची सुट्टी असताना ऑफिसात आले आणि आधीच्या माणसाचा जुना नियम पुन्हा चालू करून गेले. जिथं दिवस नाही तिथं एक.

मंगळवारी सकाळी वैजयंतीनं तपासणी उघडली. मृत्यू: १ एप्रिल २०२५. प्रकार: पूर्ण तारीख. भिंतीवरच्या कॅलेंडरात तीच तारीख होती.

इतक्यात फोन वाजला. गोजरबाई मोबाइलला सहसा हात लावत नसत.

"वैजू, घरी ये." आवाज दबका होता. "मागल्या खोलीत कुनीतरी आलंय."

"आप्पा?"

"न्हाई. त्येच सांगती. हे तुजं आप्पा न्हाईत. हे येगळंच कायतरी हाय."

रिक्षावाल्यानं सिग्नलला गाडी थांबवली तेव्हा वैजयंतीला त्याच्या पाठीत बुक्की घालावीशी वाटली. घरी पोचली तर आई बाहेरच्या जिन्यावर बसलेली, उन्हात, पायात चप्पल नाही, पदर दातांत धरलेला. बारा वर्षांत तिनं आईला घाबरलेलं बघितलं नव्हतं.

दार उघडंच होतं. पुढची खोली रोजच्यासारखी, परातीत अर्धी मळलेली कणीक. मागच्या खोलीचं दार हातभर उघडं. वैजयंती तिथंच थबकली.

कॉटवर कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. पांढरा शर्ट, त्याला एक चुणी नाही. मानेवर उन्हाचा काळपटपणा नाही. कान होते, पण ते कुणाचेही असू शकले असते. आप्पांची उंची होती, आप्पांचा बांधा होता, आणि माणसाला माणूसपण देणारी एकही खूण नव्हती. फॉर्मात रिकामी जागा राहू नये म्हणून कुणी काहीबाही भरावं, तसं ते भरलेलं होतं. छाती हलत नव्हती. खोलीत धुळीचासुद्धा वास नव्हता.

तिनं फोन लावला.

"अनिलकुमार सर, काल काय बदललंत?"

"अहो, तो एक तारखेचा नियम. आता पुण्याचं काम—"

"काढा. आत्ता काढा. नंतर सांगते."

"पण मॅडम—"

"पाया पडते तुमच्या."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कीबोर्डची टकटक. आणि समोर ती मान हळूहळू वळायला लागली. गालाची कड दिसली, गुळगुळीत, दाढीचा एक खुंट नाही. वैजयंतीला डोळे मिटायचे होते, मिटले गेले नाहीत.

"काढला बघा," अनिलकुमार म्हणाले.

कॉट रिकामी होती. चादरीवर वळीसुद्धा पडलेली नव्हती.

६

अनिलकुमारांना तिनं दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. आता हा माणूस हसणार किंवा डॉक्टरचं नाव सुचवणार, अशी तिची खात्री होती. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"आमची आज्जी अक्कलकोटकडची," ते म्हणाले. "ती म्हणायची, गेलेल्या माणसाची वाट बघताना मनानं काही भरायचं नाही. तो असा दिसत असेल, तसा असेल, असं नाही करायचं. का ते कधी सांगितलं नाही तिनं." मग म्हणाले, "पुण्याला मी कळवतो, आमच्या तारखा अर्ध्याच येतील म्हणून. घ्यायचं तर घ्या म्हणावं."

त्या माणसाचे उपकार वैजयंती जन्मात विसरणार नाही.

एप्रिलच्या मध्याला दिवस आला. चोवीस. दोन दिवसांनी वेळ आली, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. घरातही एकेक गोष्ट येत होती. आधी खोकला, कोरडा, दोनदाच. मग आप्पांच्या विडीचा वास. मग कॉटच्या मधोमध चादरीवर खळगा, जो हातानं सारखा केला तरी तासाभरात परत पडायचा. भीती वाटत होतीच. पण ही भीती त्या मंगळवारसारखी नव्हती.

तरी एका सकाळी तिचं बोट ती नोंद कायमची पुसण्याच्या बटणावर जाऊन थांबलं. तारीख नाही तर मरण नाही. आप्पा कुठं का असेनात, आहेत तसे राहतील. ती तशीच उठली, घरी आली आणि आईसमोर बसून सगळं बोलली. नोंद, वर्ष, महिना, दिवस. पुसू का, विचारलं.

गोजरबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पुसलंस तर काय हुईल?"

"माहीत नाही. कदाचित काहीच होणार नाही. सगळं पहिल्यासारखं राहील."

"पयल्यासारकं म्हंजे मी अशी, आन ते तसं. त्यास्नी कुटं तरी वाटंवर ठिवायचं, आन मला हितं." त्यांनी वैजयंतीचा हात हातात घेतला. "न्हाई वैजू. बारा वर्सं चालत आल्यालं माणूस हाय ते. घरापतूर आलंय. दार लावू नगंस."

दोघीही रडल्या. मग आईनं डोळे पुसले आणि भाकरी थापायला घेतली.

७

चोवीस तारखेला गुरुवार होता. वैजयंतीनं रजा टाकली. सकाळी गोजरबाईंनी मागची खोली सारवल्यासारखी स्वच्छ पुसली, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसल्या आणि कपाळावर रोजच्यापेक्षा मोठं कुंकू लावलं. बाराला वीज गेली. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. फक्त लांब, वीज न गेलेल्या कुठल्यातरी पेठेत यंत्रमागाची खटखट चालू होती.

दोनला पाच कमी असताना जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, एकेका पायरीवर थांबत. वैजयंती उठायला लागली तशी आईनं तिच्या मांडीवर हात ठेवून तिला बसवलं. पावलं दारापाशी आली. दार हललं नाही, पण पावलं आत आली, दोघींच्या समोरून गेली, आणि मागच्या खोलीत कॉट करकरली.

गोजरबाई तांब्या घेऊन आत गेल्या. दार त्यांनी लोटलं, लावलं नाही.

वैजयंती जागची हलली नाही. आतून आईचं हळू बोलणं ऐकू येत होतं. शब्द लागत नव्हते. एकदा आई चक्क हसली, नव्या नवरीसारखं तोंड दाबून. मग बोलणं थांबलं आणि श्वास ऐकू यायला लागला, लांब, मधे थांबणारा. वैजयंतीनं मान वळवली. दाराच्या फटीतून कॉटची फक्त एक कड दिसत होती. तिथं दोन पाय होते. धुळीनं माखलेले, टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. वैजयंतीचीही तशीच आहे. आई लुगड्याच्या ओल्या पदरानं ते पाय पुसत होती, एकेक बोट सुटं करून.

श्वास आला. मग बराच वेळ आला नाही. मग एक आला. त्यानंतर वैजयंती वाट बघत राहिली.

आई बाहेर आली तेव्हा तिचं कपाळ मोकळं होतं. पदराचं टोक मातीनं काळं झालेलं. ती भिंतीला धरून खाली बसली.

"आज तारीक काय ग?"

"चोवीस एप्रिल."

"आन तिथी?"

वैजयंतीनं उठून कॅलेंडर बघितलं. "चैत्र वद्य एकादशी."

"एकादशी," गोजरबाई म्हणाल्या. त्यांनी मान हलवली, दोनतीनदा. "चांगला दिवस गावला. आता दर साली मला म्हाईत असंल." मग बारा वर्षं साठलेलं रडं एकदम बाहेर पडलं, मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल असं. वैजयंतीनं त्यांना पोटाशी धरलं आणि रडू दिलं.

बऱ्याच वेळानं आईनं नाक पुसलं. "इंद्रजीतला फोन लाव. म्हनावं, आप्पा गेलं."

वैजयंतीनं मागच्या खोलीच्या लोटलेल्या दाराकडं पाठ केली आणि नंबर लावला. इंद्रजीतला पहिल्यांदा कळलंच नाही. तिनं परत सांगितलं, तारीख आणि वेळेसकट.

"ताई, अगं पण सापडले कुठं? गेले कुठं ते?"

वैजयंतीनं आईकडं बघितलं.

"घरी," ती म्हणाली.